अरण्यातील कच्च्या वाटेने

मोटार चालविणाऱ्या तरुण मंडळींत हल्ली ‘ऑफ-रोड’ हा इंग्रजी शब्द फार बोकाळला आहे. शब्दशः अर्थ घ्यायचा तर रस्ता सोडून जाणे. ऑस्ट्रेलियातल्या रानातून उंच चाकांच्या गाड्या चिखल उडवीत, ओढे ओलांडीत, तांबड्या धुळीचे लोट उठवीत चालल्या आहेत, अशी चित्रे फोनवर दिसतात. मग भंडाऱ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला वाटते, जंगल आपल्याकडे आहे, ओढे आहेत, धुळीला तर तोटाच नाही. आपण का जाऊ नये? प्रश्न रास्त आहे. जावे, जरूर जावे. अगदी नवशिक्याला झेपेल अशी कच्ची वाट शोधायला आपल्या जिल्ह्यात फार लांब जावे लागत नाही. पण निघण्यापूर्वी त्या शब्दाचाच थोडा विचार करू या.

ज्या ऑस्ट्रेलियाचे उदाहरण आपल्यापुढे ठेवले जाते, तिथेही रस्ता सोडायची मुभा नाही. व्हिक्टोरिया राज्यातल्या सरकारी जंगलांत मोटार आखलेल्या वाटेवरच ठेवावी लागते. त्या लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. जंगलातल्या वाटांच्या त्यांनी सोपी, मध्यम, अवघड आणि अतिअवघड अशा चार प्रती लावल्या आहेत. सोप्या वाटेची खूण हिरवे वर्तुळ, मध्यम वाटेची निळा चौकोन. नवशिक्याने हिरवे वर्तुळ पाहावे आणि गाडी आत घालावी. म्हणजे ‘ऑफ-रोड’ याचा खरा अर्थ काय झाला? डांबर सोडणे, रस्ता सोडणे नव्हे.

आपल्याकडे तर हा भेद कायद्यानेच करून ठेवला आहे. १९२७ चा भारतीय वन कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांच्या अन्वये राखीव जंगलात किंवा अभयारण्यात परवानगीवाचून शिरणे हा गुन्हा आहे. परवानगी मिळते ती ठरलेल्या वाटेची. तिच्या दोन्ही बाजूंना जे गवत आहे, बांबूची बेटे आहेत, तिथे तुमचे चाक जाता कामा नये. आमच्या वाङ्मयाच्या वर्गात आम्ही ‘चाकोरीबाहेरचा लेखक’ म्हणून एखाद्याची मोठी वाखाणणी करतो. जंगलात मात्र चाकोरीत राहणाराच शहाणा. आणि चाकोरी हा शब्दही मूळचा तिथलाच, बरं का. बंडीच्या चाकांनी जमिनीत पडलेली जी जोडरेघ, ती चाकोरी. आज आपण ज्यांवरून मोटार नेतो, त्यांतल्या कितीतरी वाटा धानाच्या, लाकडाच्या, तेंदूपत्त्याच्या बंड्यांनीच पाडलेल्या आहेत.

आता जायचे कुठे? भंडारा शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर कोका आहे. तिथल्या जंगलाला २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र साधारण शंभर चौरस किलोमीटर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि कोका त्यात सामील झाले. नागझिरा त्याहून जुने, १९७० चे अभयारण्य. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा नागझिऱ्याचा मोठा भाग तिकडे गेला. पण त्याचे पिटेझरीचे फाटक अजून आपल्या साकोली तालुक्यात आहे. दक्षिणेला पवनीकडून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जाता येते, ते २०१२ चे. जिल्ह्यातून असे तीन दरवाजे उघडतात. नवशिक्याला मी कोक्याचे नाव सांगेन. शहरापासून जवळ, वाट सपाट, चढउतार बेताचे. व्हिक्टोरियाचा अधिकारी आला असता तर त्याने इथे हिरवे वर्तुळच काढले असते.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. या सहलीचे दोन भाग आहेत: फाटकाबाहेरचा आणि फाटकाच्या आतला. बाहेर गावागावांना जोडणारे मुरमाचे रस्ते आहेत, शेतांतून जाणाऱ्या पांदणी आहेत. तिथे चाक तुमच्या हातात. आत स्वतःची मोटार नेता येते की तिथलीच घ्यावी लागते, याचे नियम फाटकागणिक आणि वेळोवेळी बदलतात, ते आधी विचारून घ्यावेत. वाटाड्या मात्र बरोबर घ्यावाच लागतो. माझे मत विचाराल तर पहिल्या खेपेस आत आपली गाडी नेऊच नये. स्थानिक पोराच्या जिप्सीत बसावे आणि तो चाक कसे फिरवतो ते मुकाट्याने पाहावे. पुस्तकातून चार तासांत कळणार नाही ते तिथे अर्ध्या तासात कळते.

ऋतूचे बोलायचे तर पावसाळ्यात ही फाटके बंद असतात. लोकांना वाटते, जनावरांच्या विणीसाठी. ते कारण आहेच. पण वाटेचेही कारण आहे. इथे वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. भिजल्या वाटेवरून एक गाडी गेली की वीतभर खोल खाच पडते, त्या खाचेतून पाणी धावते, आणि दिवाळीपर्यंत वाटेचा नाला झालेला असतो. मौज अशी, की व्हिक्टोरियातही अनेक वाटा जून ते ऑक्टोबर बंदच ठेवतात. आपल्याकडे तो पावसाळा, त्यांच्याकडे हिवाळा. ऋतू उलटे, महिने तेच आणि चिखलही तोच.

पाऊस उघडला तरी सगळी जमीन एकदम वाळत नाही. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने जमिनीला जी नावे ठेवली आहेत, ती मोटारवाल्याने पाठ करावीत असे मला फार वाटते. कन्हार म्हणजे काळी, भारी जमीन. मोरंड तिच्याहून हलकी, चुनखडीचे खडे मिसळलेली. सिहार पिवळसर, रेताड, धानाची लाडकी. खरडी आणि बरडी म्हणजे पातळ, मुरमाड माळ. आता हीच नावे चाकाच्या बाजूने वाचा. कन्हार ओली असली की टायरच्या खाचांत भरते; दहा हात गेल्यावर टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. अशा वेळी जोराने रेस देणे म्हणजे आपल्या हाताने आपला खड्डा खणणे. सिहार वाळली की विटेसारखी कडक, वरून भिजली की साबणासारखी. बरडीवर पाणी थांबत नाही, म्हणून ती भरवशाची. पण उतारावर सुटे खडे असले तर गोट्यांवर पाय पडावा तसे चाक सरकते. नोव्हेंबरात धान कापून झाल्यावर जाणाऱ्याने बांधीच्या कडेची पांदण टाळावी आणि माळाच्या वाटेने जावे. तीच पांदण जानेवारीत डांबरी सडकेसारखी होते.

गाडी कोणती हवी? जीप हवी, चारही चाकांना जोर देणारी हवी, असे सगळे सांगतात. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप पुढे आपल्याकडे महिंद्र कंपनीने आणली आणि खेड्यापाड्यांतल्या सरकारी कामाची ती जणू खूणच होऊन बसली. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली. कारखान्याने २०१९ च्या सुमारास ती थांबवली, तरी जंगलाच्या फाटकांवर ती अजून उभी दिसते. पण कोक्याच्या बाहेरच्या वाटेला यातले काही अत्यावश्यक नाही. साधी लहान मोटारही चालेल. फक्त तिचे पोट जमिनीपासून किती उंच आहे हे ठाऊक हवे. टेप शोधत बसू नका. खाली वाकून वीत लावा. जिप्सीचे पोट एकवीस सेंटीमीटरवर, म्हणजे जवळजवळ वीतभर. लहान मोटारीचे त्याहून चार बोटे-दोन बोटे कमी. ही आपली वीत मनात ठेवायची, आणि वाटेत दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा मोठा वाटला की उतरून त्याला तीच वीत लावायची. उंचवटा वितीहून मोठा निघाला तर काय करायचे?

मग चाकोरी सोडायची. पण वाट सोडायची नाही. एका बाजूची चाके मधल्या उंचवट्यावर चढवायची आणि दुसऱ्या बाजूची वाटेच्या कडेवर. म्हणजे खोल खाच गाडीच्या पोटाखाली येते आणि गाडी उंचावरून चालते. हे ऐकायला सोपे वाटते. करताना पहिल्यांदा हात थरथरतात, कारण गाडी आता घसरून खाचेत जाईल असे सारखे वाटत राहते. वेग पायी चालणाऱ्याइतका ठेवला तर जात नाही. आणि गेलीच, तर जाऊ द्यावी. चाक हिसकून तिला बाहेर काढायला जाऊ नये. खाचेच्या भिंतीला टायर घासून फाटतो तो अशाच वेळी. आणखी एक लहानशी गोष्ट. स्टिअरिंग धरताना अंगठे आतल्या दांड्यांत अडकवू नका, बाहेरच्या कडेवर ठेवा. दगडावर चाक आपटले की जुन्या जीपचे स्टिअरिंग असे उलटे फिरते की अंगठा मोडतो. नव्या गाड्यांत तेवढा धोका उरलेला नाही. सवय मात्र चांगली.

गियर पहिला किंवा दुसरा. उतारावर तर विशेषच: ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, इंजिनानेच गाडी धरली जाते. ब्रेकवर उभे राहाल तर खड्यांवर चाके अडकून राहतील आणि गाडी तशीच सरकत जाईल. (गियरचे भंडारेकरांना कौतुक असायला हरकत नाही. गडेगावचा मोठा कारखाना ट्रकांचे गियरबॉक्सच बनवतो.)

आता हवेचे. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये तीस पौंडांच्या आसपास हवा असते. मुरमाच्या आणि गिट्टीच्या वाटेवर ती चोवीस-पंचवीस पौंडांवर आणली तर टायर थोडा पसरतो, जमिनीला त्याचा जास्त भाग टेकतो, दगडाचा दणका कमी बसतो. नदीच्या कोरड्या पात्रातल्या सैल रेतीत ऑस्ट्रेलियातले लोक सोळा-अठरा पौंडांपर्यंत उतरतात. नवशिक्याने तितके धाडस करू नये, आणि वैनगंगेच्या रेतीत तर मोटार मुळीच घालू नये. ती काढायला ट्रॅक्टर लागतो. परतताना डांबर लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरून घ्यायची. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. म्हणून हवा भरायचा पंप गाडीत असेल तरच हवा सोडायच्या भानगडीत पडा.

वाटेत एखादा नाला आडवा येईल, एखादा रपटा. पाणी वाहत असेल तर आधी पायी जाऊन काठीने थांग घ्या. चाकाच्या मध्याच्या खाली पाणी असेल, तळ टणक असेल, तरच पुढे. एकदा शिरल्यावर मध्ये गियर बदलायचा नाही, थांबायचे नाही. बेताच्या सारख्या चालीने पलीकडे जायचे आणि ब्रेक दोनतीनदा हलके दाबून सुकवून घ्यायचे. पाणी गढूळ असून तळ दिसत नसेल, ओघ जोराचा असेल, तर परत फिरा. त्यात कमीपणा कसला? गावकरी पुरात रपट्यावर पाऊल टाकत नाहीत, आणि ते तिथे जन्मापासून आहेत.

गावकऱ्यांवरून आठवले. ही वाट तुमची सहल असली तरी त्यांचा तो रोजचा रस्ता आहे. मार्च-एप्रिलात पहाटे टोपल्या घेऊन बायाबापड्या मोहफुले वेचायला निघतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे ओझे डोक्यावर असते. सुगीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला धान वाळत घातलेले असते. त्यांच्या अंगावर, त्यांच्या धानावर धूळ उडवीत जाणारा माणूस मोटार चालवायला शिकला असे मी म्हणणार नाही. दुरूनच वेग उतरवावा, राम राम करावा. वाट विचारली तर ‘इथंच आहे जी’ असे उत्तर मिळेल. त्या ‘इथंच’मध्ये तीन-चार किलोमीटर सहज मावतात, तेवढा हिशेब ठेवा.

फाटकाच्या आत गेल्यावर वेग वीस किलोमीटरच्या आत. राष्ट्रीय व्याघ्र संरक्षण प्राधिकरणाने २०१२ मध्ये जे नियम घालून दिले, त्यांत जनावरापासून निदान वीस मीटर अंतर, दोन गाड्यांमध्ये पन्नास मीटर, आणि एका जनावरापाशी पंधरा मिनिटांहून जास्त थांबायचे नाही, असे म्हटले आहे. हे अंतराचे नियम मला तरी फार विचारपूर्वक केलेले वाटतात. गव्याचा कळप वाट ओलांडत असला आणि तुम्ही मधेच गाडी घुसवलीत, तर वासरे एका बाजूला आणि माया दुसऱ्या बाजूला राहतात. मग जे होते त्याला अपघात म्हणता येत नाही. नागझिऱ्याच्या बाजूला रानकुत्र्यांच्या टोळ्या दिसतात. ती गाडीला फारशी भीत नाहीत, वाटेवरच आडवी पसरतात. इंजिन बंद करायचे आणि थांबायचे. हॉर्न वाजवायचा नाही. वाट त्यांची आहे, वेळ आपल्याकडे आहे.

उन्हाळ्यात जाणाऱ्याला आणखी एक सांगायचे आहे. मोटारीच्या पोटाखालची धुराची नळी चांगलीच तापलेली असते. वाळल्या गवतावर, पानांच्या थरावर गाडी उभी केली तर तिथे ठिणगी पडू शकते. नेहमी उघड्या मातीवर थांबा. सिगारेट, काडेपेटी यांचे तर बोलायलाच नको. २०२१ च्या एप्रिलात नागझिऱ्यात वणवा लागला आणि तो विझवताना तीन वनमजुरांचा मृत्यू झाला. ही माणसे रोजंदारीवर काम करीत होती. हातात फांद्या आणि पाने उडवणारी यंत्रे घेऊन जे आगीच्या तोंडाला उभे राहतात, त्यांची आठवण ठेवून गाडी उभी करायची जागा निवडावी.

इथवरचे सगळे तुम्हांला कदाचित अवघड वाटले असेल. प्रत्यक्षात ते तसे नाही. वीस किलोमीटरच्या वेगात मनुष्य सेकंदाला साडेपाच मीटर जातो. समोर काही आले, डोळ्याने पाहिले, मेंदूने ओळखले, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद धरा. पुढे सुट्या मुरमावर गाडी थांबायला आणखी चार मीटर. एकूण दहा मीटरच्या आत तुम्ही उभे. चितळ काय, कोंबडी काय, कुणालाही वाचवता येते. आता तीच गाडी डांबरी रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने सोडा. सेकंदाला बावीस मीटर. पहिला सेकंद नुसता कळण्यातच गेला. मग चांगल्या कोरड्या डांबरावर थांबायला आणखी पस्तीस-छत्तीस मीटर. झाले अठ्ठावन्न. आणि रात्री खाली वळवलेल्या दिव्यांत साधारण चाळीस-पन्नास मीटरच नीट दिसते. जे दिसते आहे त्याच्यापाशी पोचेपर्यंत गाडी थांबतच नाही. हे गणित आठवीतला मुलगा करील, पण गुळगुळीत रस्त्यावर आपल्यातला कुणीच करीत नाही.

आणि खरा धोका नेमका तिथेच आहे, कोक्याच्या खडबडीत वाटेवर नव्हे. नागझिरा उत्तरेला आणि नवेगाव दक्षिणेला. त्या दोहोंमधून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गेला आहे. पूर्वी त्याचा क्रमांक सहा होता, आता त्रेपन्न आहे. वाघाला हे क्रमांक माहीत नाहीत. ‘जय’ या नावाने प्रसिद्ध झालेला नागझिऱ्याचा वाघ २०१३ मध्ये चालत उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात पोचला. नकाशा समोर ठेवून पाहा: हा महामार्ग आणि वैनगंगा ओलांडल्यावाचून तिथे जाताच येत नाही. २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही, ती गोष्ट वेगळी. पण त्याला रस्ता ओलांडता आला. सगळ्यांना तो येत नाही. २०२३ च्या ऑगस्टात मुर्दोलीच्या जंगलात गोंदिया-कोहमारा रस्त्यावर एका वाघाला मोटारीची धडक बसली. तो फरपटत झाडीकडे गेला. उपचारांसाठी नागपूरला नेत असता वाटेतच गेला. त्या घटनेचे चित्रण पुष्कळांनी फोनवर पाहिले. तो रस्ता काही अवघड नव्हता. डांबर उत्तम, वळण बेताचे, गाडी नवीन. नवशिक्याला सहज चालवता यावी अशीच ती वाट.

कोक्याहून परतताना बहुधा सूर्य मावळत असतो. हीच जनावरांची पाण्यावर निघायची वेळ. टायरमध्ये हवा भरून घेतली, डांबर लागले, की दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये कंटाळलेला पाय आपोआप खाली जातो. याचा अनुभव तुम्हांला येईल. झाडी दोन्ही बाजूंना असेपर्यंत चाळीसच्या वर जाऊ नका. भंडाऱ्याला पोचायला त्यामुळे फार तर दहा मिनिटे उशीर होतो. मागून येणारा ट्रकवाला हॉर्न वाजवील. त्याला डावीकडे सरून वाट द्या. रस्त्याकाठी दोन हिरवट ठिपके चमकले तर ते चितळाचे डोळे असतात आणि त्यांच्या मागे सहसा आणखी चार-सहा चितळे असतात. पहिले ओलांडून गेले म्हणून लगेच निघू नका. दिवे खाली घ्या, थांबा, शेवटचे जाऊ द्या.